रक्त गावाचं, अहवाल कुणाचा?

प्रश्न : मी हिवरा आश्रमला राहतो. माझी मोठी बहीण घाटाखाली, शेगाव तालुक्यातल्या एका गावात दिली आहे. २०२५च्या जानेवारीत तिकडे लोकांचे केस गळाले, तेव्हा तिच्या घरी तपासणीची पथकं येऊन रक्त, केस, पाणी घेऊन गेली. कोण कुठून आलं होतं, नेलेल्या नमुन्यांचं काय झालं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मी स्वतः पीएच.डी.साठी नाव नोंदवण्याच्या विचारात आहे, म्हणून विचारतो. संशोधनासाठी लोकांकडून असं काही घ्यायचं तर त्याचे नियम असतात का? निष्कर्ष लोकांना सांगावाच लागतो का? आणि कुणाला अडचणीचा ठरेल असा निष्कर्ष निघाला, तर विद्यापीठातल्या माणसाला तो उघडपणे सांगता येतो का?
– एक वाचक, हिवरा आश्रम, ता. मेहकर

उत्तर : तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं छापील नियमांत सापडतात. तिसऱ्याचं तसं सापडत नाही, आणि तिसरा प्रश्न सुटल्याशिवाय पहिल्या दोहोंची उत्तरं कागदावरच राहतात. घाटाखाली जे घडलं त्यात हे तिन्ही प्रश्न एकत्र आले, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसं एकाएकी टक्कल पडून दवाखान्यात येऊ लागली. आधी डोकं खाजायचं, कुणाला ताप, कुणाला उलट्या-जुलाब; मग केसांतून हात फिरवला की पुंजका हातात यायचा आणि तीन-चार दिवसांत डोकं उघडं पडायचं. त्यात कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या, शाळकरी पोरं होती. ठरलेली लग्नं पुढे गेली, काही मोडली. पहिला संशय पाण्यावर गेला, आणि ते साहजिक होतं. पूर्णेकाठचा हा खारपाणपट्टा. खाऱ्या पाण्याशी आणि मूत्रपिंडाच्या आजारांशी इथल्या लोकांची जुनी ओळख आहे. पाण्याच्या नमुन्यांत नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही. पण खारं पाणी पिढ्यानपिढ्या प्यालं जातंय आणि केस मात्र याच हिवाळ्यात गळाले, हे कोडं त्याने सुटत नव्हतं. दरम्यान आरोग्य खात्याची आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, पथकं गावांत येऊन नमुने घेऊन गेली.

याच वेळी महाडहून डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे पोचले. मूळचे ते तुमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना त्यांनी विंचूदंशावर सुरू केलेलं काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आलं, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते ना कुठल्या विद्यापीठात नोकरीला, ना सरकारी समितीवर. स्वतःच्या खिशातले पैसे घालून त्यांनी लोकांचं रक्त, लघवी, केस आणि रेशनवर मिळालेला गहू खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतला. २०२५च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं की १८ गावांतल्या २७९ जणांच्या या केसगळतीमागे त्यांच्या मते गव्हातलं सेलेनियम आहे आणि हा गहू पंजाबातून आलेला आहे. त्यांनी आकडे दिले : न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम, धुतल्यावर १३.६१. नेहमीच्या गव्हात ते ०.१ ते १.९ मिलिग्रॅमच्या दरम्यान असतं.

या आकड्यांपाशी जरा थांबू या. आकडा उघड झाला की त्याचा हिशेब कुणालाही करता येतो. समजा, एखादी बाई दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खाते. १४.५२ला ०.३ने गुणलं की झाले सुमारे ४.३५ मिलिग्रॅम, म्हणजे ४,३५० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाच्या शरीराला दिवसाला पन्नासेक मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं, आणि ४०० मायक्रोग्रॅमच्या पुढे रोज जाऊ नये असं आहारशास्त्र सांगतं. म्हणजे सोसवेल त्याच्या दहापट रोज पोटात जात होतं. धुऊन, निवडून, वाळवून दळला तरी ९४ टक्के तसंच राहतं, हेही त्याच दोन आकड्यांतून कळतं. घरातल्या बाईला नेमकं हेच कळायला हवं होतं : गहू धुवायचा, की तो खाणंच थांबवायचं? पुढे एप्रिलमध्ये याच पट्ट्यातल्या काही लोकांची नखं विद्रूप होऊन गळू लागली. केस आणि नखं दोन्ही जाणं हे सेलेनियमच्या विषबाधेचं वैद्यकाच्या पुस्तकांतलं जुनं लक्षण आहे.

बावस्करांचा निष्कर्ष सगळ्यांनी मान्य केला असं मात्र नाही. हाच गहू इतर ठिकाणीही खाल्ला जातो, मग तिथे केस का नाही गळाले, असा प्रतिवाद पंजाबातून झाला. प्रतिवाद रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. पण असा प्रतिवाद करता येतो तो समोरच्याने आकडा, पद्धत आणि कारण तिन्ही उघड केल्यावरच. बंद लखोट्यातल्या अहवालाला कुणी खोडून काढू शकत नाही, तशी त्याची खातरजमाही कुणाला करता येत नाही.

या प्रकरणातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. पंजाबातल्या गव्हावर संशय घ्यावा हे सुचलं कशाच्या आधारावर? होशियारपूर आणि नवांशहर या जिल्ह्यांतल्या काही शेतजमिनींत सेलेनियम विषारी प्रमाणात आहे, तिथली जनावरं त्याने आजारी पडतात, हे कित्येक वर्षांपूर्वी छापून आलेलं होतं. छापलं कुणी? लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्याच माती-शास्त्रज्ञांनी. ज्या राज्याची सगळी शान गव्हावर उभी आहे, त्या राज्याच्या कृषी विद्यापीठाने आपल्याच जमिनीतला दोष मोजला आणि जगापुढे मांडला. राज्याची बदनामी होईल म्हणून तो शोधनिबंध कुणी कपाटात ठेवला असता, तर तुमच्या बहिणीच्या गावातल्या केसगळतीचा माग काढणाऱ्याला एक धागा कमी मिळाला असता. विद्यापीठीय स्वातंत्र्य म्हणतात ते हे. त्याचा लाभ कुणाला, कुठे आणि किती वर्षांनी होईल हे ते वापरणाऱ्याला त्या वेळी ठाऊकही नसतं.

आता नियमांकडे येतो. माणसांवर होणाऱ्या वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, सध्याची २०१७ची. त्यांनुसार संशोधन सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या नीती समितीची मंजुरी घ्यावी लागते. समितीत ७ ते १५ जण असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, निम्मे सदस्यही शक्यतो बाहेरचे. त्यांत कायदा जाणणारा असतो आणि एक साधा नागरिकही असतो, ज्याला त्या शास्त्रातलं काही कळत नाही. या साध्या नागरिकाची जागा भरतीची समजू नका. ‘हे माझ्या आईला समजेल असं सांगा,’ असं म्हणणारं त्या खोलीत तेच एक माणूस असतं.

मग संमती. संशोधन कशासाठी आहे, काय घेणार, त्यात धोका काय, फायदा काय, नाव गुप्त कसं राहील, आणि ‘नाही’ म्हटलं तर उपचार किंवा इतर काही बंद होणार नाही, हे सगळं त्या माणसाच्या भाषेत सांगून सही घ्यायची. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा आणि त्याचीही सही हवी. मूल असेल तर आई-वडिलांची संमती लागतेच, शिवाय ७ वर्षांपुढच्या मुलाला स्वतःला विचारावं लागतं. १२ ते १८ वयाच्या मुलाचा होकार लेखी घ्यावा लागतो. सही केलेल्या कागदाची प्रत घरात राहायला हवी. तुमच्या बहिणीच्या घरात असा कागद आहे का, हे एकदा विचारून बघा.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्यायला हवा, नाहीतर पथकातल्या माणसांवर अन्याय होईल. साथ पसरली की आरोग्य यंत्रणा जी तपासणी करते ती दरवेळी ‘संशोधन’ नसते. कॉलऱ्याची लागण झाली की विहिरीचं पाणी आधी तपासायचं. समितीची बैठक होईपर्यंत थांबलं तर माणसं दगावतील. त्यामुळे अशा वेळी कागदपत्रं आटोपशीर असू शकतात. पण आटोपशीर म्हणजे मुकी नव्हे. ‘आम्ही अमुक खात्याचे, हे अमुक कारणासाठी नेतोय, निकाल अमुक ठिकाणी कळेल,’ एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. आणि पुढे त्याच नमुन्यांवर कुणी शोधनिबंध लिहिणार असेल, तर ते संशोधन झालं. मग सगळे नियम लागू.

निष्कर्ष सांगण्याचं बंधन मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ज्या समाजात अभ्यास झाला त्याला निष्पत्ती कळवली पाहिजे, हे त्यांत आहे. परदेशी नियतकालिकात इंग्रजीत छापून आलं की ते कळवणं होत नाही. आपल्याकडे याची चांगली उदाहरणं आहेत. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ने ती छापली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि तपासलेल्यांपैकी जेमतेम ८ टक्के बायांची त्याआधी कधी तपासणी झाली होती. बायकांनी जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते त्या तपासणीत सांगितलं. हे जमलं, कारण आधी गावाशी बोलणं झालं होतं, तपासणारी बाई होती आणि आजार सापडला त्यावर उपचार केला जात होता. बायांकडून घेतलेलं ज्ञान उपचाराच्या रूपाने त्यांच्याकडे परत गेलं.

त्याच गडचिरोलीत पुढे नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग झाला : ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत, आणि तुलनेसाठी ४७ गावं, जिथे सरकारी सेवा नेहमीसारखी चालू होती. ३९ गावांत नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते प्रसिद्ध झालं आणि आजच्या आशाताईंच्या घरभेटींचा पाया त्यातच आहे. तरीही त्या ४७ गावांतल्या बाळांचं काय, हा प्रश्न मनात येतोच, आणि यायलाच हवा. तुलनेवाचून औषध लागू पडतं की नाही हे कळत नाही, आणि कळलं नाही तर ते देशभर पोचत नाही. दुसरीकडे, मोजलेला प्रत्येक मृत्यू कुणाच्या तरी घरातला असतो. याचं तयार उत्तर कुठल्याही नियमावलीत नाही. दरवेळी, दर अभ्यासाला, माणसांनी एकत्र बसून ते शोधायचं असतं. नीती समिती असते ती त्यासाठीच.

तुम्ही पीएच.डी.ला जाताय, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या विद्यापीठांत संशोधनातली नीती म्हटलं की साहित्यचोरी शोधणारं सॉफ्टवेअर तेवढं आठवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत : १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून आणायचा, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर सादर करता येत नाही, त्यापुढे नोंदणी रद्द. शिवाय २०१९च्या अखेरीपासून संशोधन-नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही सक्तीचा आहे. चोरी पकडलीच पाहिजे. पण साम्य शून्य टक्के असलेल्या प्रबंधातही घरी बसून भरलेल्या शंभर प्रश्नावल्या असू शकतात, आणि त्या कुठल्याच सॉफ्टवेअरला सापडत नाहीत. शेती, समाजशास्त्र, शिक्षण या विषयांच्या सर्वेक्षणांना तर नीती समितीची कायदेशीर सक्तीही नाही. शेतकऱ्याचं कर्ज किती, घरात दारू कोण पितं, मुलीचं लग्न कितव्या वर्षी झालं, असले प्रश्न नाव-गावासकट लिहून घेतले जातात आणि ते गठ्ठे विभागाच्या माळ्यावर पडून राहतात. त्यात कुणाचं रक्त सांडत नाही, पण अब्रूला धक्का पोचू शकतो. सक्ती नसली तरी तुमच्या प्रश्नावलीत पहिलं पान संमतीचं ठेवा आणि नावांची यादी उत्तरांपासून वेगळी, कुलपात ठेवा.

आता तिसरा प्रश्न. आपल्या राज्यघटनेत विद्यापीठीय स्वातंत्र्याचं वेगळं कलम नाही. प्राध्यापकालाही आधार आहे तो सगळ्या नागरिकांना मिळालेल्या भाषणस्वातंत्र्याचाच, कलम १९चा. १९६४ ते ६६च्या कोठारी शिक्षण आयोगाने मात्र या विषयाचा गंभीरपणे विचार केला होता. कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. शिक्षकाला सत्याची जी जाणीव आहे तिच्याविरुद्ध शिकवायला त्याला भाग पाडता येणार नाही, अशी त्या अहवालाची भूमिका होती. सरकारी सेवेतल्या डॉक्टरला किंवा प्राध्यापकाला मात्र १९७९चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम लागू असतात, आणि त्यांत सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायला मनाई आहे. ‘रेशनच्या गव्हात सेलेनियम आहे’ हे विधान शास्त्र झालं की टीका? मला विचाराल तर ते निखळ शास्त्र आहे. पण नोकरी ज्याची पणाला लागलेली असते तो माणूस बोलण्याआधी चारदा विचार करतो. हे पहिल्यांदा जाहीरपणे सांगणारा माणूस खासगी दवाखाना चालवणारा निघाला, त्यात मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. वाईट मात्र वाटतं, कारण मृदा-परीक्षणाची, अन्न-परीक्षणाची यंत्रं विदर्भातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत आहेत, जाणकार माणसंही आहेत.

दाब फक्त सरकारचाच येतो असंही नाही. विल्सन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या र. धों. कर्व्यांना १९२५ साली संततिनियमनाचा प्रचार आणि नोकरी यांतलं एक निवडावं लागलं. त्यांनी नोकरी सोडली आणि दोन वर्षांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढलं. आणि कधी दाब जमावाचा असतो. अमेरिकी अभ्यासक जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकातल्या मजकुराने जिजाऊंना मानणारी माणसं दुखावली. ज्या जिल्ह्यात जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेडराजा आहे तिथल्या वाचकाला हे लिहिताना ती दुखावलेली भावना मी हलकी लेखत नाही. त्या मजकुरावर पुण्यातल्या इतिहास अभ्यासकांनी प्रकाशकाला लेखी हरकत कळवली होती आणि प्रकाशकाने पुस्तक भारतातून मागेही घेतलं होतं. विद्वानाची चूक विद्वानांनी अशीच दाखवायची असते. तरीही ५ जानेवारी २००४ला पुण्यातल्या भांडारकर संस्थेची जमावाने मोडतोड केली. संस्थेने लेखकाला ग्रंथालय वापरू दिलं होतं, एवढाच तिचा संबंध. राज्य सरकारने पुस्तकावर घातलेली बंदी उच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तो निर्णय कायम ठेवला. फाटलेली हस्तलिखितं मात्र कुठल्याही निकालाने परत येत नाहीत.

या सगळ्यावरून माझं मत असं बनलं आहे. तुमच्या बहिणीने दंड पुढे केला तो एका विश्वासावर : काय झालंय ते कळेल, आणि आपल्याला सांगितलं जाईल. नमुना नेणाऱ्याला निष्कर्ष सांगण्याची मोकळीकच नसेल, तर तो हा शब्द पाळणार कसा? मग संमतीचा कागद कितीही व्यवस्थित भरलेला असो, घेतलेली संमती पोकळ ठरते. म्हणून संशोधकाचं स्वातंत्र्य हा प्राध्यापक मंडळींचा अंतर्गत मामला आहे असं मी मानत नाही. घाई करून अर्धवट निष्कर्ष सांगण्यातही धोका असतो, हे खरं आहे. एखाद्या प्रांताचा शेतकरी विनाकारण बदनाम होऊ शकतो. त्यावर उपाय एवढाच की जे माहीत आहे ते सांगावं आणि किती खात्रीने माहीत आहे तेही त्याच वाक्यात सांगावं. ‘संशय गव्हावर आहे, खात्री व्हायची आहे, तोवर हा गहू खाऊ नका,’ हे कळायला गावाला पदवी लागत नाही.

बहिणीसाठी करता येईल असं एक काम आहे. तिच्या स्वतःच्या तपासणीचा निकाल मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. त्यासाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात साधा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. संपूर्ण अहवालासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो : १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, आणि ते मिळालं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्जात ‘अहवाल द्या’ एवढंच लिहू नका. नमुने कोणत्या तारखांना घेतले, कोणत्या प्रयोगशाळेत तपासले, गव्हातलं, पाण्यातलं आणि रक्तातलं सेलेनियम प्रत्येकी किती निघालं, हे वेगवेगळे मुद्दे करून मागा. रुग्णांची नावं वगळून माहिती द्यावी, असं स्वतःहून लिहा. खासगीपणाचं कारण दाखवून अर्ज फेटाळायला मग जागा उरत नाही.